वरच्या मजल्यावरची तापणारी खोली आणि एसीचे वाढलेले बिल: स्वतःच्या हाताने काय करता येईल?

फाट्यावरचे_रोहाऊस · २१ एप्रिल

नमस्कार. नाशकात पाथर्डी फाट्याजवळ आमचे दुमजली रो-हाऊस आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या असून त्यांच्या डोक्यावर थेट गच्ची आहे. त्यांतल्या पश्चिमेच्या खोलीला मोठी स्लायडिंग खिडकी आहे आणि तिच्यासमोर झाड किंवा इमारत काहीच नाही. दोन वर्षांपूर्वी त्या खोलीत दीड टनाचा एसी बसवला. हिवाळ्यात आमचा वीजवापर महिन्याला १२० युनिटांच्या आसपास असतो, तो नुकत्याच आलेल्या बिलात ३६४ युनिटांवर गेलेला दिसला. रात्री दहाला सुरू केलेला एसी साडेबारापर्यंत दम खात नाही, आणि अकरा वाजता छताखाली हात उंच धरला तरी वरून येणारी धग जाणवते. त्याच वेळी गच्चीवर गेले तर छान गार वारा असतो, याचा जास्त राग येतो.

आई म्हणते की तिच्या माहेरी, जुन्या नाशकातल्या वाड्यात, मे महिन्यातही दुपारी पंख्यावाचून झोप लागायची. वाडा आता बांधता येणार नाही, हे मान्य. परंतु पंधरा हजार रुपयांच्या आत, शक्यतो सुट्टीच्या दिवशी स्वतः राबून, काय काय करता येईल आणि कोणत्या क्रमाने करावे, हे जाणकारांनी सांगावे. एका कंत्राटदाराने छताला आतून थर्माकोलचे सीलिंग करण्याचे सुचवले आहे. शेजारी गच्चीवर रोज संध्याकाळी पाणी मारतात. यांतले काय करावे?

---

निवृत्त_स्थापत्य · २१ एप्रिल

आपल्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे. बाहेर गारवा आणि आत धग, याचा अर्थ आपला एसी हवेशी झगडत नसून दिवसभर तापलेल्या स्लॅबशी झगडत आहे.

नाशिक जवळजवळ बरोबर २० अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या विशीच्या आसपास येथे माध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येतो. त्या दिवशी साडेबाराच्या सुमारास गच्चीवर पाण्याची बाटली उभी करून पाहा, तिची सावली तिच्या बुडाखालीच राहते. त्यामुळे उन्हाळ्याच्या ऐन भरात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही. सगळा मारा गच्चीवर, आणि उतरत्या दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर व खिडकीवर होतो. पुष्कळ लोक घराच्या चारही बाजूंना सारखाच खर्च करतात, तो निम्मा वाया जातो.

निरभ्र दुपारी गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ९०० ते १००० वॅट ऊन पडते. आपली खोली १० बाय १२ फुटांची धरली, तर तिच्या डोक्यावर हजार वॅटच्या दहा-अकरा इस्त्र्या तापवून ठेवल्यासारखे झाले. जुना, करडा पडलेला सिमेंटचा कोबा त्यातली साठ-सत्तर टक्के उष्णता शोषतो. बरीचशी पुन्हा हवेत जाते हे खरे, परंतु उरलेली पाच इंची स्लॅबमधून खाली झिरपायला तीन-चार तास घेते. म्हणून दुपारी दोनचे ऊन तुम्हाला संध्याकाळी सहाला भेटते, आणि स्लॅब पूर्ण निवायला मध्यरात्र उजाडते.

आईंच्या वाड्याचे रहस्यही हेच होते. कौलांखाली माळा असे, तो माळा स्वतः भाजून निघे, पण खालची माणसे वाचत. शिवाय जाड मातीच्या भिंती आणि मधला चौक होताच. आपण माळा काढला आणि त्याच्या जागी सिमेंटचा तवा ठेवला.

आता आपले दोन प्रश्न. थर्माकोलचे सीलिंग कृपया करू नका. एक तर तो पदार्थ पेट घेतो आणि जळताना विषारी धूर सोडतो. सीलिंगमध्ये वायरिंग आणि पंख्याचे हूक असतात, हे विसरू नये. दुसरे म्हणजे उष्णतारोधक थर स्लॅबच्या वर असला तर स्लॅब तापतच नाही. खाली असला तर स्लॅब तापायची ती तापतेच आणि रोज प्रसरण-आकुंचन पावून तिला चिरा पडत राहतात. पाणी मारण्याने उतार मिळतो, कारण एक लिटर पाण्याची वाफ होताना ते जवळपास दोन-तृतीयांश युनिट इतकी उष्णता सोबत नेते. परंतु उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याची स्थिती काय असते ते आपण जाणता, आणि तापलेल्या कोब्यावर रोज गार पाणी ओतले की आज ना उद्या गळती सुरू होते. गच्चीवर बाग करण्याचा मोहही आवरावा. ज्या सपाट छतावर माणसांची ये-जा असते, ते भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण १५० किलोच्या वापरभारासाठी धरलेले असते. सहा इंच ओली माती एकटीच त्याहून कितीतरी जड भरते.

तेव्हा क्रम असा ठेवावा: प्रथम गच्ची पांढरी करणे, नंतर पश्चिमेची खिडकी बाहेरून झाकणे, मग रात्रीची हवा घरात खेळवणे, आणि एसी सर्वांत शेवटी. गच्चीसाठी बाजारात ऊन परतवणारे अॅक्रिलिक लेप मिळतात, ते काही वर्षे टिकतात. आपल्या अंदाजात बसत असेल तर मी तेच सुचवीन.

---

गच्ची_आणि_मी · २२ एप्रिल

काकांच्या निदानाशी मी पूर्ण सहमत आहे, उपायाशी मात्र नाही. इंदिरानगरमध्ये आमच्या ६०० चौरस फुटांच्या गच्चीला मी सलग चार वर्षे साधा चुना लावत आहे आणि महागड्या लेपाची गरज मला एकदाही वाटली नाही. उलट नाशिकसाठी चुनाच योग्य आहे, असे माझे मत आहे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत चांगलीच थंडी पडते. लेपाची गच्ची त्या दिवसांतही ऊन परतवत राहते आणि वरच्या खोल्या गारठून जातात. चुना मात्र पावसाळ्यात बराचसा धुऊन जातो, थंडीत गच्ची पुन्हा करडी होऊन ऊन धरते, आणि फेब्रुवारीच्या शेवटी आपण तिला पुन्हा पांढरी करतो. ज्याला लोक चुन्याचा दोष म्हणतात, तो येथे गुण ठरतो.

कृती सविस्तर लिहिते, कारण पहिल्या वर्षी माझे काम साफ फसले होते.

कळीचा चुना आणून घरी विरवण्याच्या भानगडीत पडू नये. तो पाण्यात पडताच उकळू लागतो आणि त्याचा एक शिंतोडा डोळ्याला कायमची इजा करू शकतो. रंगाच्या दुकानात विरवलेल्या चुन्याची पावडर मिळते, तिचे २५ किलोचे एक पोते आमच्या गच्चीला तीन हातांसाठी पुरते. आदल्या रात्री पावडर भिजत घालावी, सकाळी फडक्यातून गाळून घ्यावी आणि ताकाइतकी पातळ करावी. दाट लेप लावला की तो पापडासारखा सुटतो. चिकटपणासाठी मी एका पोत्याला सुमारे एक किलो फेव्हिकॉल गरम पाण्यात विरघळवून घालते. आमच्याकडे पूर्वी डिंक घालत असत.

गच्ची आधी तारेच्या ब्रशने घासावी, शेवाळ व माती काढावी, चिरा असतील तर त्या भरून घ्याव्यात आणि पृष्ठभाग धुऊन ओलसर ठेवावा. यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. चुना नुसता वाळून घट्ट होत नाही, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगडासारखा होतो, आणि त्यासाठी त्यात ओल टिकावी लागते. मी पहिल्या वर्षी उत्साहाने सकाळी अकराला ब्रश हातात घेतला; दुपारपर्यंत सगळे कोरडे ठणठणीत झाले आणि दुसऱ्या दिवशी चालताना पायाला खडूच्या भुकटीसारखी पूड लागू लागली. तेव्हापासून मी संध्याकाळी सहानंतरच हात मारते, सकाळी त्यावर पाण्याचा हलका फवारा देते आणि पुढचा हात पुन्हा संध्याकाळी देते. तीन संध्याकाळी लागतात. हातमोजे, चष्मा आणि जुने बूट आवश्यक आहेत.

माझ्या साध्या थर्मामीटरच्या नोंदी अशा आहेत: चुन्याआधी दुपारी तीनला खोलीच्या छताला चिकटवलेला थर्मामीटर ४१ अंश दाखवत होता, चुन्यानंतर तशाच उन्हाच्या दिवशी तो ३६ वर थांबला. खर्च ब्रशसकट हजार रुपयांच्या आत झाला. अहमदाबादेत २०१७ पासून महापालिकेच्या उष्णता कृती आराखड्याअंतर्गत गरीब वस्त्यांतील छपरांना असाच पांढरा चुना दिला जातो, तेव्हा हा काही माझा एकटीचा हट्ट नाही. एक सूचना: दुपारी गच्चीवर जाताना गॉगल लावावा, आणि शेजाऱ्यांची उंच खिडकी समोर असेल तर त्यांना आधी सांगून ठेवावे. पांढऱ्या गच्चीची तिरीप सोसत नाही.

---

सातपूरकर · २२ एप्रिल

आमचे घर पत्र्याचे आहे, म्हणून वरची चर्चा वाचून थोडे हसू आले. स्लॅब निदान संध्याकाळपर्यंत थांबते, पत्रा सकाळी साडेनऊलाच घरात उतरतो. परंतु आमचा उपाय आपल्या खिडकीलाही लागू पडेल.

नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागांमुळे शेतीच्या दुकानांतून शेडनेट सहज आणि मीटरच्या भावाने मिळते. ७५ टक्के सावलीचे घ्यावे. ९० टक्क्यांचे जास्त दाट असल्यामुळे वारा अडवते आणि वादळात शिडासारखे फुगते. आम्ही पत्र्याच्या वर दीड फुटावर बांबू आणि बागेची जुनी तार लावून ते ताणले आहे. नेट आणि पत्रा यांच्यामध्ये हवा वाहती राहिली पाहिजे. नेट थेट पत्र्यावर अंथरले, तर ते स्वतः तापून पत्र्यालाच उष्णता देते. दुपारी दोनला खोलीत बसवत नव्हते, आता मुले तेथे अभ्यास करतात.

बांधणी मात्र सैल गाठींची नको आणि कायमची जखडलेलीही नको. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा वारा आणि गारा किती असतात ते बागायतदारांना विचारा. आमच्या नेटच्या एका बाजूला हूक आहेत. आभाळ दाटले की दोन मिनिटांत गुंडाळून टाकतो. गेल्या वर्षी शेजारच्याने गुंडाळले नव्हते, ते पुढच्या गल्लीतल्या विजेच्या तारेवर सापडले.

आपल्या पश्चिमेच्या खिडकीला हेच नेट बाहेरून, भिंतीपासून अर्धा फूट अंतरावर, उभे सोडावे. वरचा छज्जा तेथे उपयोगाचा नाही, कारण चारनंतरचे ऊन आडवे येते.

---

निवृत्त_स्थापत्य · २२ एप्रिल

चुना आणि थंडीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. ताईंचे म्हणणे योग्य आहे, मी सूचना मागे घेतो.

सातपूरकरांच्या बोलण्याला एक जोड देतो. ऊन काचेच्या बाहेर अडवणे आणि आत जाड पडदा लावणे यांत मोठा फरक आहे. पडद्यापर्यंत पोचलेले ऊन काचेतून आत आलेलेच असते. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बाहेर शेडनेट नको असेल तर बांबूची चिक लावा, किंवा मिळाले तर वाळ्याचे तट्टे लावा. वाळ्यावर दुपारी एकदोनदा पाणी शिंपडले की आत येणारी झुळूक गार आणि सुवासिक असते, हे आपल्या आईंना नक्की आठवत असेल.

---

गारवा_दुरुस्ती · २३ एप्रिल

मी एसी दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे शेवटच्या क्रमांकावर टाकलेल्या यंत्राच्या वतीने चार शब्द लिहितो.

दीड टन हे यंत्राचे वजन नव्हे. एका टनाचा एसी तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता खोलीबाहेर टाकू शकतो. आपल्या खोलीला दीड टन पुरून उरतो. तो थांबत नाही याचा अर्थ एक तर छत फार तापले आहे, किंवा यंत्र गुदमरले आहे. फिल्टर दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने धुवावा. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि त्यासाठी आम्हाला बोलावण्याची गरज नाही. बाहेरच्या युनिटवर पश्चिमेचे ऊन येत असेल तर वर छोटे छप्पर करावे, पण समोरून गरम हवा सुटायला मोकळी जागा ठेवावी. लोक युनिटलाच शेडनेट गुंडाळतात, मग तेच ते गरम वारे पुन्हा आत ओढले जाते आणि बिल वाढते.

रिमोटवर १८ ठेवल्याने खोली लवकर गार होते हा गैरसमज आहे. यंत्र थांबण्याची वेळ तेवढी पुढे जाते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, आणि याच कारणाने जानेवारी २०२० पासून नवे एसी २४ अंशांवर सुरू होतात. तुम्ही २६ किंवा २७ ठेवा आणि सोबत छताचा पंखा मंद चालू ठेवा. पंखा जुना असेल तर तोही पाहावा: जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा पूर्ण वेगालाही तीसच्या आसपास. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटे कमी होतात.

युनिटांची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्प्याने बदलतात. तुमची ३६४ पैकी ६४ युनिटे तिसऱ्या टप्प्यातली, म्हणजे सर्वांत महाग आहेत. बचत नेहमी वरच्या टोकाकडून होते, त्यामुळे पहिली ६४ युनिटे वाचवण्यालाच सर्वांत जास्त पैसे मिळतात.

कुलरचा विचार असेल तर तो आत्ताच करण्यासारखा आहे. हवा ४० अंश आणि आर्द्रता वीस टक्के असताना चांगला कुलर २७-२८ अंशांची हवा देतो आणि एसीच्या तुलनेत फारच थोडी वीज घेतो. पण समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर तासाभरात खोलीची भट्टी जाऊन न्हाणीघर होते. जूनमध्ये हवा दमट झाली की कुलर उचलून ठेवावा. एका घरी मी कुलर आणि एसी एकाच बंद खोलीत चालू पाहिले आहेत. कुलर हवेत पाणी घालत होता आणि एसी तेच पाणी वीज जाळून बाहेर काढत होता.

---

गच्ची_आणि_मी · २३ एप्रिल

रात्रीच्या हवेचे राहूनच गेले. नाशकात मे महिन्यातही पहाटेचे तापमान बहुधा २२ ते २५ अंशांपर्यंत उतरते आणि हा गारवा फुकट मिळतो. आमच्या जिन्याच्या वरच्या दाराला आम्ही जाळीचे सुरक्षा दार बसवले आहे. रात्री नऊनंतर ते आणि तळमजल्याच्या जाळीच्या खिडक्या उघडल्या की गरम हवा जिन्यातून वर निघून जाते आणि खालून गार हवा ओढली जाते. सकाळी साडेआठ-नऊला सर्व खिडक्या बंद करून पडदे ओढायचे. पाहुण्यांना हे विचित्र वाटते, कारण ऊन चढल्यावर खिडक्या उघडण्याची आपल्याला सवय आहे. पण बाहेर ३८ अंश असताना खिडकी उघडून गारवा कसा यावा?

---

फाट्यावरचे_रोहाऊस · १९ मे

सर्वांना उत्तर द्यायला उशीर झाला, पण काम करूनच लिहायचे असे ठरवले होते.

२५, २६ आणि २७ एप्रिलच्या संध्याकाळी गच्चीला चुन्याचे तीन हात दिले. ताईंनी बजावूनही पहिल्या दिवशी मी पाच वाजताच सुरुवात केली, आणि पश्चिमेच्या कठड्याजवळचा पट्टा भुकटी होऊन निघाला; तो पुन्हा करावा लागला. खिडकीबाहेर ७५ टक्क्यांचे शेडनेट हुकांवर लावले. थर्माकोलवाल्या कंत्राटदाराला नम्रपणे नकार दिला. एसीचा फिल्टर उघडला तेव्हा त्यावर जी गोधडी निघाली, तिचे वर्णन येथे करत नाही.

मी रोज रात्री नऊला छताचे तापमान आणि सकाळी मीटरचे आकडे वहीत लिहितो. कामाच्या आधीच्या आठवड्यात छत नऊ वाजता ३८ अंशांच्या आसपास असे, आता ते ३४ असते. एसी २६ वर ठेवतो. तो आता चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत थांबतो आणि पहाटे तीनला आम्ही तो बंद करून खिडक्या उघडतो. मीटरचा रोजचा फरक सुमारे बारा युनिटांवरून आठवर आला आहे. मधले दोन दिवस ढगाळ होते, ते हिशेबात धरलेले नाहीत. एकूण खर्च सहा हजारांच्या आत झाला आणि त्यातला निम्मा एका बीएलडीसी पंख्याचा आहे.

दोन शंका उरल्या आहेत. पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत अजून कोमट लागते. आणि गेल्या आठवड्यात वळीव झाला, तेव्हा गच्चीवरून पांढरे पाणी वाहिले. आमचा पावसाळी पाइप खालच्या टाकीला जोडलेला आहे, त्याचे काय करावे?

---

निवृत्त_स्थापत्य · १९ मे

भिंतीला बाहेरून पांढरा रंग द्या आणि खिडकीचे नेट भिंतीवरूनही पुढे वाढवा. विटेची भिंत स्लॅबहून जाड असल्यामुळे ती उशिरा तापते व उशिरा निवते, तेव्हा थोडी कोमट राहणारच.

पाइपाचे काम मात्र जूनच्या आधी करा. चुन्याचे पाणी अल्कधर्मी असते, ते टाकीत जाऊ देऊ नये. टाकीकडे जाणारा जोड तात्पुरता काढून पहिले तीन-चार मोठे पाऊस सरळ गटारात सोडा, आणि पाणी स्वच्छ येऊ लागले की मगच पुन्हा जोडा. गच्चीवरच्या पाइपाच्या तोंडाशी जाळी बसवा, कारण चुन्याचे पापुद्रे आणि वाळलेली पाने एकत्र झाली की तोंड तुंबते आणि गच्चीवर तळे साचते. ती जाळी दर पावसानंतर हाताने साफ करावी लागेल.

---

फाट्यावरचे_रोहाऊस · २० मे

जोड आज सकाळीच काढला. साडेबारा वाजता गच्चीवर पाण्याची बाटलीही उभी केली होती. सावली बुडाखालीच राहिली. आई मुद्दाम जिना चढून पाहायला आली होती; तिने बाटलीकडे कमी आणि चुन्याच्या फटींकडे जास्त पाहिले, आणि पुढच्या वर्षी डिंक घालण्याचे सुचवले आहे.